आधी पोरांचं ऐका, मग अर्ज शिकवा

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारती कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाचे आहेत. पत्र किंवा सारांश यांना ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांतल्या कोणत्याही दोन प्रकारांना मिळून १० आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाला ८. दहावीला २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात कृतिपत्रिका आली, तेव्हा पाठांतर कमी व्हावं आणि मुलांनी भाषा वापरून दाखवावी, असा हेतू होता. वर्गात मात्र पाठांतराने दुसरं दार शोधलं. पत्राचा नमुना फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो वहीत उतरवायचा: दिनांक, प्रति, विषय, महोदय, खाली आपला विश्वासू आणि ई-मेलचा पत्ता. परीक्षेत रोपवाटिकेकडे रोपं मागणारं पत्र आलं तर सगळं सुरळीत. ग्रंथालयाकडे पुस्तकं मागायची वेळ आली, की सांगाडा जागच्या जागी आणि मधला परिच्छेद रोपांचाच.

अमरावती-अकोल्याच्या शाळांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथली बहुतेक मुलं घरी वऱ्हाडी बोलतात. मेळघाटात कोरकू, तांड्यांवर बंजारा. पुस्तकातली प्रमाण मराठी यांच्यापैकी काहींना जवळची, काहींना लांबची, पण घरची कुणालाच नाही. कोरकू मुलासाठी ती सरळसरळ दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. अशा वर्गात अर्ज, बातमी, अहवाल हे लेखनप्रकार शिकवताना सुरुवात नमुन्यापासून न करता मुलांच्या आपसातल्या बोलण्यापासून केली तर काय होतं आणि ते नेमकं कसं करायचं, हे इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

लेखनप्रकार म्हणजे सांगाडा नव्हे, काम

अर्ज ओळखायचा कशावरून? डाव्या बाजूला 'प्रति' आहे म्हणून तो अर्ज होत नाही. कुणीतरी अडचणीत आहे, ती सोडवण्याचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे आहे, आणि ते दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून अर्ज लागतो. बातमी, पंचनामा, लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस यांचंही तसंच. समाजात एखादं काम वारंवार करावं लागतं, त्यातून लिहिण्याची एक रीत बसत जाते. अमेरिकेतल्या कॅरोलिन मिलर यांनी १९८४ मध्ये लेखनप्रकाराची ही सामाजिक कृती म्हणून मांडणी केली. जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या पुस्तकात दाखवलं, की प्रत्येक प्रकारात लेखक काही ठरावीक टप्पे घेत वाचकाला आपल्या हेतूपर्यंत आणतो.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी काम झालं ते ऑस्ट्रेलियात. १९८० च्या दशकात सिडनीच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये जिम मार्टिन, जोन रॉदरी आणि त्यांचे सहकारी मुलांच्या वह्या तपासत होते. मुलं बहुतेक वेळ स्वतःचे अनुभव आणि गोष्टीच लिहीत होती. अहवाल, स्पष्टीकरण, युक्तिवाद हे सत्तेच्या दारात चालणारे प्रकार त्यांना कुणी उघडून दाखवतच नव्हतं. सुशिक्षित घरातली पोरं ते घरीच उचलत, बाकीची मागे राहत. मायकेल हॅलिडे यांच्या भाषाविचाराचा आधार घेऊन या गटाने अध्यापनाचं एक चक्र बसवलं: आधी नमुना उलगडायचा, मग शिक्षक आणि मुलांनी मिळून लिहायचं, मग मुलाने एकट्याने लिहायचं.

लेखनप्रकार न आल्याने मागे राहणं वऱ्हाडाला परकं नाही. पीक विमा योजनेत २०२४ पर्यंत गारपीट किंवा अतिवृष्टीने नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. कधी, कुठल्या गटात, कोणत्या पिकाचं, किती क्षेत्रावर, कशामुळे नुकसान झालं, हे नीट सांगता आलं नाही तर दावा लटकायचा. तहसीलसमोर टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहून देणाऱ्यांचं पोट याच कौशल्यावर चालतं. म्हणून सहा गुणांपलीकडेही अर्जाची किंमत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या या पद्धतीवर पुढे एक रास्त आक्षेप आला. लेखनप्रकार शिकवता शिकवता त्याचं सूत्र बनतं आणि सूत्र पाठ होतं. आपल्या वर्गात झालं ते हेच. यावर मला दिसणारा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे मुलांचं बोलणं.

ऐकायचं काय?

समजा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या एका गावातली नववी आहे. शिक्षकाने 'आज पत्रलेखन' असं न म्हणता एवढंच विचारलं: शाळेत यायला-जायला काय अडचण येते? चार-पाच जणांचे गट करा आणि दहा मिनिटं बोला. मग एका गटापाशी ते नुसते उभे राहिले. समोर असं काहीसं चालू असेल:

— काल गाडी थांबलीच नाई बाप्पा.
— कोनती? सव्वापाचची?
— हो. आमी सहा पोट्ट्या उभ्या होतो फाट्यावर. हात दाखोला, तरी ड्रायव्हर चालला गेला.
— मंग घरी कशा गेल्या?
— कशा म्हंजे? पायदल. चार किलोमीटर. अंधार पडला होता.
— घ्याले नाई आलं कोनी?
— कोन येईन? कापूस वेचाले गेले सारे, दिवस बुडेस्तोर वावरातच राह्यतेत.
— सरले सांगा ना.
— सर काय करतीन? डेपोवाल्याले सांगा लागते.
— थो म्हनन, गाडी थांबली होती, तुमीच नव्हत्या.
— कशी म्हनन? पास हाये ना आमच्याजवळ. अन् चहावाल्यानं पाह्यलं सारं.

या संवादातलं काय शिकवायची गरजच नाही, हे आधी बघा. घटना, वेळ, ठिकाण, किती जणी, परिणाम काय झाला, हे सगळं मुलींनी सांगितलं. अडचण आत्ताच का वाढली, तर कापूस वेचणीचे दिवस आहेत, हेही सांगितलं. निर्णय कुणाच्या हातात आहे, ते त्यांना ठाऊक आहे. समोरचा काय हरकत घेईल याचा अंदाज त्यांनी बांधला आणि पुरावाही तयार ठेवला. अर्जातला हा सर्वांत अवघड भाग. मोठी माणसंही तो विसरतात.

आता काय नाही ते पाहू. एक, 'आम्ही कोण' हे कुणीच सांगितलं नाही, कारण मैत्रिणींना ते सांगावं लागत नाही. आगारातल्या माणसाला मात्र तेच आधी कळायला हवं. दोन, मागणी नाही. गाडी थांबावी, तिची वेळ बदलावी, की त्या ड्रायव्हरला समज द्यावी? तीन, 'काल' आणि 'फाटा' हे शब्द गावातल्या माणसालाच कळतात.

शिक्षकाने वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडून एवढंच टिपायचं: 'येतं' आणि 'येत नाही'. पहिल्या रकान्यातलं शिकवण्यात तास घालवायचा नाही. दुसऱ्या रकान्यातून पुढच्या तासाचं टाचण तयार होतं. नमुना लिहून देणाऱ्या तासात नेमकं उलट घडतं. 'प्रति' आणि 'महोदय' तपासायला सोपं, म्हणून त्यावर वेळ जातो. मागणी नेमकी कशी करावी आणि अनोळखी वाचकाला आपली ओळख कशी द्यावी, हे तसंच राहून जातं.

असं बोलणं अडखळत, अर्ध्या वाक्यांनी, एकमेकांना तोडत चालतं. ब्रिटनमधले शिक्षणतज्ज्ञ डग्लस बार्न्स यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या अशा बोलण्याकडे लक्ष वेधलं. मूल विचार तयार करत असतं तेव्हा ते असंच बोलतं. शिक्षकाला ऐकवण्यासाठी केलेलं गुळगुळीत उत्तर वेगळं. म्हणून ऐकताना मध्ये बोलू नये, वाक्य सुधारू नये आणि 'शुद्ध बोला' तर अजिबात म्हणू नये. तसं म्हटलं की पुढचं दहा मिनिटांचं बोलणं गेलंच समजा.

नमुना आणा, पण खरा

दुसऱ्या तासाला नमुना येतो. तो मार्गदर्शकातला नको. ग्रामपंचायतीला नळासाठी दिलेला अर्ज, शाळेच्या दप्तरातलं जुनं विनंतीपत्र, बँकेत पासबुकासाठी दिलेली चिठ्ठी, असे दोन-तीन खरे कागद नावं झाकून आणावेत. त्यातला एखादा फसलेला असला तर उत्तमच.

प्रश्न तीनच विचारायचे. हे कुणी लिहिलं? वाचणाऱ्याने आता काय करायचं आहे? ते कितव्या ओळीत कळलं? मुलं पुन्हा गटात बोलतात आणि शिक्षक पुन्हा ऐकतो. इथे त्यांच्या शंका फार मोलाच्या असतात. 'हे सविनय कायले लिवते?' असं एखाद्याने विचारलं तर त्याने अदबीच्या भाषेवर बोट ठेवलं आहे. 'मागनी तं शेवटी आली, वरते विषयात काहून सांगतली मंग?' असं कुणी म्हटलं तर रोज शंभर कागद चाळणाऱ्या वाचकाची सोय त्याला दिसू लागली आहे. विषयाची ओळ कशासाठी असते, हे आता व्याख्या देऊन सांगावं लागत नाही.

टप्प्यांची यादी मुलांकडूनच काढून फळ्याच्या कडेला लिहायची: आम्ही कोण, काय घडलं, त्याने काय बिघडलं, आम्हाला काय हवं, पुरावा काय, सोबत काय जोडलं. आदल्या दिवशी आपण यातलं काय काय बोललो होतो, हे मुलांनाच तपासू द्यावं. काय राहिलं ते शिक्षकाने सांगण्याआधी त्यांनाच सापडतं.

एकच वाक्य, चार पायऱ्या

बोलण्यातून थेट कागदावर उडी मारायला लावली की मूल पडतं. मधे पायऱ्या हव्यात. ऑस्ट्रेलियातल्या पॉलिन गिबन्स यांनी दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांसाठी असा पायऱ्यांचा मार्ग मांडला आहे: समोर वस्तू असताना बोलणं, मग ती नसताना दुसऱ्याला सांगणं, मग लिहिणं. आपल्या बसच्या प्रसंगावर तो असा बसतो.

मैत्रिणीला: 'हात दाखोला, तरी ड्रायव्हर चालला गेला.'

सरांना, वर्गासमोर: 'सर, काल सव्वापाचची बस फाट्यावर थांबली नाही. आम्ही सहा जणी पायी घरी गेलो. अंधार पडला होता.'

आगारातल्या माणसाला, फोनवर असल्यासारखं: 'नमस्कार, मी नववीत शिकते. संध्याकाळी सव्वापाचला आमच्या गावाच्या फाट्यावर येणारी बस सोमवारी थांबली नाही, म्हणून आम्हा सहा मुलींना अंधारात चालत जावं लागलं.'

कागदावर: 'सायंकाळी ५.१५ वाजताची बस सोमवारी आमच्या गावाच्या फाट्यावर न थांबल्यामुळे नववीतील सहा विद्यार्थिनींना चार किलोमीटर अंतर अंधारात पायी जावे लागले.'

ही चारही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहायची आणि विचारायचं: काय बदललं? 'काल'चा 'सोमवार' झाला आणि अर्जात त्याच्यापुढे तारीख येईल. 'आम्ही'च्या 'नववीतील सहा विद्यार्थिनी' झाल्या. तीन वाक्यांत सांगितलेलं 'न थांबल्यामुळे' या एका जोडाने एका वाक्यात आलं, आणि घटनाक्रमाचं कारण-परिणामात रूपांतर झालं. हॅलिडे यांचं एक महत्त्वाचं निरीक्षण असं, की बोलताना आपण घडामोडी एकामागून एक क्रियापदांनी उलगडतो आणि लिहिताना त्या नामांत आणि धातुसाधितांत घट्ट बसवतो. मराठीत या कामाला 'न थांबल्यामुळे', 'होत असलेली गैरसोय', 'मिळावी अशी विनंती' ही रूपं येतात. ती सुटी पाठ करून येत नाहीत. आपल्याच वाक्याचं रूप बदलताना पाहिलं की हाताला लागतात.

आणखी एक बदल बघा. पहिल्या वाक्यातला ड्रायव्हर चौथ्यात गायब आहे. हे बरोबर झालं का, यावर मुलांना भांडू द्यावं. ड्रायव्हरचं नाव घेतलं तर ती तक्रार होते. बस थांबावी एवढंच मागितलं तर विनंती. दोन्ही प्रकार खरे आहेत, पण त्यांचे परिणाम वेगवेगळे. आपल्याला काय साधायचं आहे हे ठरलं की प्रकारही ठरतो, आणि हा निर्णय लिहायला बसण्याआधी बोलण्यातूनच होतो.

फळ्यावर मिळून लिहिताना

तिसरा तास मिळून लिहिण्याचा. खडू शिक्षकाच्या हातात, वाक्यं मुलांची. दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवलेल्या उणिवांपासून सुरुवात करायची. आपल्या उदाहरणात ती उणीव मागणीची आहे.

'नेमकं काय मागायचं?' शिक्षक विचारतात. 'गाडी थांबवा म्हना.' कोणती? 'सव्वापाचची.' रोज? 'रोज. नाई, शनिवारी शाया सकायची असते, तवा साडेअकराची.' तेवढ्यात मागच्या बाकावरून: 'सर, आपल्या फाट्यावर तं थांबाच नाई हाये. विनंती थांबा हाये निस्ता.'

एस.टी.च्या कारभारात विनंती थांबा म्हणजे प्रवाशाने हात दाखवला, तर गाडी थांबणारी जागा. या एका वाक्याने मागणी बदलली. आता फळ्यावर येतं: 'सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ५.१५ वाजताची आणि शनिवारी सकाळी ११.३० वाजताची बस थांबण्यासाठी आमच्या फाट्यावर नियमित थांबा मंजूर करावा, ही विनंती.' ही नेमकी ओळ कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नव्हती. ती मागच्या बाकावरच्या मुलाकडे होती आणि त्याला बोलायला जागा मिळाली म्हणून बाहेर आली.

लिहिताना शिक्षकाने प्रत्येक निवड मोठ्याने बोलून दाखवावी. 'थांबा द्या' लिहू की 'मंजूर करावा'? थांबा मंजूर करण्याचा अधिकार कुणाचा? 'करावा' म्हटलं तर आग्रह आणि अदब दोन्ही राहतात का? मुलांनी हरकत घेतली तर खोडायचं. खाडाखोड झालेला फळा हाच या तासाचा खरा धडा, म्हणून तो पुसून नीटनेटका करण्याची घाई नको.

त्यानंतर जोड्या पाडायच्या. एकजण अर्ज वाचून दाखवतो, दुसरा आगारप्रमुख होतो आणि फक्त प्रश्न विचारतो. कोणत्या गावाचा फाटा? किती मुली? पास आहेत का? ज्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नाही, ते घालायचं. चौथ्या तासाला प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं, पण विषय वेगळा: खारपाणपट्ट्यातल्या गावासाठी गोड्या पाण्याचा टँकर, शाळेजवळचा गतिरोधक, वाचनालयासाठी पुस्तकं. नवीन विषयावर टप्पे आपोआप आले तर शिकणं झालं, नाहीतर पुन्हा तिसऱ्या तासाकडे.

वऱ्हाडीचं काय करायचं?

'बोलण्याला मोकळीक दिली तर लिहिण्यातही मले, तुले येईल,' ही भीती शिक्षकांना वाटते आणि ती अगदीच खोटी नाही. पण वऱ्हाडी आणि प्रमाण मराठीतला फरक बराचसा नियमित आहे. 'ला' असतो तिथे 'ले' येतो: मले, घराले, डेपोवाल्याले. बऱ्याच शब्दांत 'ळ'चा 'य' होतो: शाया, डोया, केयं. 'ण'चा 'न' होतो. चालू क्रिया 'करून राह्यलो' अशी येते, तिथे लिखित मराठीत 'करत आहे' येतं. फरक नियमाने होत असेल तर तो एकदा नियम म्हणून शिकवता येतो. वहीत पन्नास ठिकाणी लाल गोल करायची गरज राहत नाही. भिंतीवर 'बोलताना' आणि 'कागदावर' असा दोन रकान्यांचा तक्ता लावायचा आणि तो मुलांनीच भरायचा.

एका ठिकाणी जपावं लागतं. 'य'चा 'ळ' करायचा हे समजलेलं मूल घाबरलं, तर 'पाय'चंही 'पाळ' करून ठेवू शकतं. मनात सतत चूक-बरोबर चालू असली की असं होतं. म्हणून या दुरुस्त्या शेवटच्या मसुद्यावर, टप्पे आणि मागणी जागेवर बसल्यानंतर कराव्यात. आधी कामाचं, मग कपड्यांचं.

बोलण्यातून लेखनप्रकार घडवण्याची परंपरा याच भागात फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी अनुयायांना विचारून, माणसामाणसांकडून गोळा केल्या आणि छोट्या छोट्या लीळांत बसवल्या. मराठी गद्याच्या या आद्यग्रंथात माणसं जशी बोलत तशी बोलताना दिसतात. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. अलीकडचं उदाहरण हवं असेल, तर उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद वऱ्हाडीत. एकच लेखक दोन्ही भाषा कुठे आणि का वापरतो, हे नववी-दहावीच्या मुलाला अशा एका पानावरून दाखवता येतं.

फलटणच्या बोलीतल्या भेदांवर संशोधन करून पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या कामातही मुलाची घरची भाषा हा वाचन-लेखनाचा पाया मानला आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये वर्गातली बहुभाषिकता हे साधन मानलं आहे. कागदावर धोरण आहे. आता ते तासाच्या टाचणात यायला हवं.

मेळघाटात

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत मामला निराळा आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातेवाईक आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. मराठीशी तिचं व्याकरणाचं नातं नाही. मैदानातून आलेल्या गुरुजींना बहुधा ती येत नाही. मग ऐकायचं कसं?

मुलांनी आपसात कोरकूतच बोलावं. त्यानंतर गटाने घटनेची चार चित्रं काढावीत आणि त्यांतल्या एकाने ती मराठीत सांगावीत. मराठीत सांगताना कुठे अडकलं ते टिपायचं. चित्रात आहे पण सांगण्यात नाही, म्हणजे शब्द नाही. चित्रातही नाही, म्हणजे तो टप्पाच सुचलेला नाही. पहिल्यासाठी शब्द द्यायचा, दुसऱ्यासाठी पुन्हा बोलायला लावायचं.

काही अडचणी आधीच ओळखता येतात. कोरकूत नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा होतो, मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. त्यामुळे 'रस्ता खराब झाली' अशी वाक्यं येणार. त्यात मूल आळशी किंवा बेफिकीर आहे असं काही नसतं. उलट काही गोष्टी त्याला जास्त येतात. कोरकूत दोघांसाठी वेगळं वचन आहे, त्यामुळे किती जण गेले हे सांगायची सवय भाषेतच आहे. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि सोडून 'आम्ही' हा फरकही कोरकूत आहे. अर्जात 'आम्ही' लिहायचं हे कोरकू मुलाला पटकन कळतं. अडकतं ते 'आपण या प्रश्नात लक्ष घालावे' इथे, कारण हे 'आपण' आदराचं 'तुम्ही' आहे. तेवढं एक वाक्य वेगळं काढून शिकवावं.

इंग्रजीच्या तासाला

तृतीय भाषा इंग्रजीच्या दहावीच्या पेपरातही पत्र, संवाद, भाषण, बातमी असे प्रकार येतात. इथे मुलांच्या बोलण्यातून एक नेमकं निदान होतं. घटना आधी मुलाला मराठीत बातमी म्हणून सांगायला लावा. 'सकाळी आम्ही उठलो, मग...' अशी सुरुवात झाली तर त्याला बातमीचाच प्रकार कळलेला नाही, कारण बातमीत निकाल आधी येतो. अशा वेळी इंग्रजी व्याकरण शिकवून उपयोग नाही. अकोल्याचा 'देशोन्नती' किंवा अमरावतीचा 'हिंदुस्थान' वर्गात आणावा आणि बातमीची पहिली दोन वाक्यं कोणत्या प्रश्नांची उत्तरं देतात, ते शोधू द्यावं. मराठीत बातमी बरोबर सांगता आली आणि इंग्रजीत गाडी अडली, तर अडचण भाषेची आहे. तिथे भूतकाळाची रूपं, कर्मणी वाक्यं, ठिकाण-वेळेचे शब्द द्यावेत. दोन्ही रोगांना एकच औषध देण्यात आपले बरेच तास वाया जातात.

साठ पोरं, पस्तीस मिनिटं

'हे सगळं छान, पण आमच्या वर्गात साठ मुलं आहेत.' रास्त आहे. सगळे गट एका दिवशी ऐकायचे नाहीत. एका तासाला एक गट, हळूहळू सगळे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं तर मुलांना आधी सांगून करावं आणि ते वर्गाबाहेर जाऊ देऊ नये. गोंगाट होईल, शेजारचे शिक्षक डोकावतील. मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिलेली बरी. महिन्यातून एक लेखनप्रकार असा चार तासांत केला तरी वर्षभरात परीक्षेतले सगळे प्रकार होतात.

तपासतानाही क्रम बदलावा. पहिला प्रश्न: हा कागद वाचून समोरच्याला काय करायचं आहे ते कळलं का? दुसरा: सगळे टप्पे आहेत का? तिसरा: अदब आणि वाक्यरचना. शुद्धलेखन आणि मांडणी चौथ्या क्रमांकावर. मंडळाच्या परीक्षेत मांडणीलाही गुण आहेत, म्हणून ती शिकवायचीच. पण जिला नेमकं काय मागायचं ते कळलं आहे, तिला 'प्रति' कुठे लिहायचं हे शिकायला पाच मिनिटं लागतात. उलटा प्रवास वर्षभरात होत नाही.

आणि एक विनंती शिक्षकांना. मुलांनी लिहिलेला एखादा चांगला अर्ज खरोखर पाठवा. मुख्याध्यापकांची सही घ्या, आवक-जावक क्रमांक टाका, ज्याच्याकडे जायला हवा त्याच्याकडे द्या आणि पोचपावती वर्गात लावा. उत्तर येवो न येवो, आपण लिहिलेला कागद कुणीतरी सही करून घेतला, हे मुलांना एकदा तरी दिसलं पाहिजे.